ज्याचा सूर त्याला

वनराज भाटिया हे नाव आमच्या घरात सिनेमाच्या पडद्यावरून आलं नाही, ते देवधरांच्या क्लासमधून आलं. माझ्या आईची मावशी, आम्ही तिला मावशीआजी म्हणायचो, लग्नाआधी गिरगावात राहायची आणि ऑपेरा हाऊसजवळच्या प्रोफेसर बी. आर. देवधरांच्या 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक'मध्ये गाणं शिकायला जायची. भाटियांशी तिची ओळख नव्हती. पण ते तिथे शिकले एवढं तिला पुरेसं होतं. टीव्हीवर त्यांचं नाव झळकलं की ती चष्मा सावरत म्हणायची, "आमच्या क्लासमधला मुलगा हो." मुलगा तेव्हा साठीचा झाला होता.

तिच्या त्या अभिमानात तथ्य होतं, हे मला पुढे कळलं. देवधर विष्णु दिगंबरांचे शिष्य. 1925 साली त्यांनी ही शाळा काढली आणि कुमार गंधर्व तिथेच घडले, हे आपण जाणतोच. पण मावशीआजी सांगायची ती गोष्ट वेगळी होती. देवधरांना सगळ्या जगाच्या गाण्याचं कुतूहल होतं. पाश्चात्त्य संगीत त्यांनी समजून घेतलं होतं, आवाज कसा तयार होतो, कसा टिकतो याचा त्यांचा अभ्यास होता. "परकं म्हणून कानाला कडी लावायची नाही, हे आम्हाला तिथे न सांगताच कळलं," असं ती म्हणायची. गुजराती, पारशी, मराठी, कानडी अशी सगळी मुलं एका सतरंजीवर बसून भूप आळवत. ती सतरंजी आणि तिच्या कडेला निघालेले दोरे बोटाला गुंडाळत बसायची सवय, हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मला ती डोळ्यांपुढे दिसते.

भाटियांचा जन्म 31 मे 1927 चा, मुंबईतल्या कच्छी व्यापारी घरातला. न्यू एरा शाळा, देवधरांकडे हिंदुस्तानी गाणं, आणि मग ऐन किशोरवयात कानावर पडलेला चायकोव्हस्कीचा पियानो कॉन्चेर्टो. त्यानं हा मुलगा असा झपाटला की डॉ. माणेक भगत यांच्याकडे चार वर्षं पियानो शिकला. एल्फिन्स्टन कॉलेजातून इंग्रजी घेऊन 1949 मध्ये एम. ए. झाला, आणि पेढीवर न बसता लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये संगीतरचना शिकायला गेला. 1954 मध्ये तिथून सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला तो थेट पॅरिसला, नादिया बूलांजे यांच्या हाताखाली.

बूलांजेबाईंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. विसाव्या शतकातल्या संगीताचा निम्मा इतिहास त्यांच्या शिकवणीच्या खोलीतून गेला आहे. अमेरिकेचा एरन कोपलंड त्यांचा विद्यार्थी, पुढे फिलिप ग्लासही त्यांचाच. भाटिया पॅरिसला पोहोचले त्याच सुमारास अर्जेंटिनाचा आस्तोर पियात्सोला त्यांच्याकडे शिकत होता. सिंफनी लिहायची म्हणून आलेल्या त्या माणसाला बाईंनी त्याचा स्वतःचा टँगो वाजवायला लावला आणि तुझं खरं घर हे आहे, असं सांगितलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांची तालीम कडक होती. भर असायचा काउंटरपॉइंटवर. एकाच वेळी चालणाऱ्या दोन, तीन, चार सुरावटी, आणि त्यांतली एकही दुसरीची हुजऱ्या नाही. प्रत्येकीला स्वतःची चाल, स्वतःचा श्वास. भाटियांनी तिथे जवळजवळ पाच वर्षं काढली. त्यांचं पुढचं सगळं काम मला या शिकवणीतून उगवलेलं वाटतं, अगदी जिथे एकही व्हायोलिन नाही तिथेही.

1959 मध्ये ते मुंबईला परतले. फ्यूग लिहिता येणाऱ्या माणसाला तेव्हाच्या मुंबईत कोण काम देणार? काम दिलं साडीवाल्यांनी. शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातपटाला त्यांनी संगीत दिलं, आणि भारतात जाहिरातपटासाठी मुद्दाम संगीत रचलं गेलं ते तेव्हा पहिल्यांदा, असं मानलं जातं. मध्ये 1960 ते 1965 दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्राचं अध्यापनही झालं. पण पोटाचा धंदा जाहिरातींचा. आयुष्यभरात सात हजारांहून जास्त जिंगल्स. लिरिल साबणाच्या जाहिरातीत धबधब्याखाली नाचणाऱ्या मुलीमागची ती सुरावट त्यांचीच, गार्डन वरेलीची त्यांची, ड्युलक्सची त्यांची. ज्या माणसाचं नाव दहांतल्या नऊ घरांना ठाऊक नव्हतं, त्याचे सूर त्या दहाही घरांत आंघोळीच्या वेळी गुणगुणले जात होते.

इथे माझे मामा येतात. मामा व्हायोलिन वाजवायचे, सिनेमाच्या आणि जाहिरातींच्या रेकॉर्डिंगमध्ये, मागच्या रांगेत. धोबीतलावजवळ राहणाऱ्या एका गोवेकर मास्तरांकडे ते नोटेशन वाचायला शिकले होते. पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी आणि वाद्य दोन्ही शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली आणि हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद त्यांच्यावर उभा राहिला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही नावं मामा देवाचं नाव घ्यावं तशी घ्यायचे. "संगीतकार पेटीवर चाल सांगायचा," ते म्हणायचे, "आणि ही माणसं रात्रीतून ती शंभर वाजवणाऱ्यांसाठी कागदावर उतरवून आणायची. सकाळी आमच्या स्टँडवर ताजी शाई."

भाटियांच्या रेकॉर्डिंगला मामा क्वचितच बसले. पण त्यांचं म्हणणं असं की वादकांमध्ये या माणसाबद्दल एक निराळा आदर होता, कारण इथे चाल बांधणारा आणि कागद लिहिणारा एकच. सेकंड व्हायोलिनवाल्याचं दुःख मामांनी मला फार लवकर समजावलं होतं. एरवी त्याच्या वाट्याला लांबच लांब धरून ठेवायचे सूर येतात, पाठीमागची भर. पण शिकलेल्या माणसानं लिहिलेला पार्ट असेल तर सेकंड व्हायोलिनलाही आपली अशी एक ओळ मिळते. ती गाण्यात कुणाला वेगळी ऐकू येत नाही, पण काढून घेतली तर गाणं लंगडं होतं. "घरी येऊन ती ओळ एकट्यानं वाजवली तरी तुला ऐकावीशी वाटेल," हे मामांचं मोजमाप होतं, आणि कधी कधी ते खरोखरच जेवणाआधी व्हायोलिन काढून अशी एखादी ओळ वाजवून दाखवायचे. आजी पोळ्या करता करता विचारायची, "हे कुठल्या गाण्यातलं?" मामा सांगत. तिला ते गाणं पाठ असायचं, पण ही ओळ तिनं कधीच ऐकलेली नसायची.

तीस सेकंदांच्या जाहिरातीचं काम सोपं असतं असं मला वाटायचं. मामा हात जोडायचे. तीन तासांच्या सिनेमात एखादी जागा हुकली तर हुकली. इथे अठराव्या सेकंदाला साबणाची वडी दिसणार म्हणजे दिसणार, सुरावट त्याच्या आत वळायला हवी आणि तरी घाईची वाटता कामा नये. स्टॉपवॉच हातात घेऊन रचायची सवय भाटियांना अशी हजारो वेळा झाली. पुढे सिनेमांचं पार्श्वसंगीत करताना ती त्यांना किती उपयोगी पडली असेल, याचा अंदाज मला मामांच्या बोलण्यातून आला.

श्याम बेनेगल जाहिरातींच्या दुनियेतलेच. 1974 मध्ये त्यांनी 'अंकुर' केला आणि संगीताला भाटियांना घेतलं. 'अंकुर' आज पुन्हा पाहावा. त्यात संगीत जवळपास नाहीच. तेलंगणातल्या त्या गावाचा आवाज, पाखरं, पावलं, माणसांचं बोलणं, आणि फार थोड्या जागी सूर. पॅरिसहून शिकून आलेला माणूस पहिलाच चित्रपट मिळाल्यावर आपलं सगळं ज्ञान ओतील, तर यांनी गप्प बसायचं ठरवलं. माझ्या मते त्यांच्या थोरवीचा पहिला पुरावा हा आहे.

दोन वर्षांनी 'मंथन'. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढलेला चित्रपट. त्यातलं गावाचं वर्णन करणारं गाणं प्रीती सागर यांनी गायलं आणि त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ज्यांना आपण इंग्रजी धाटणीच्या गाण्यांची गायिका म्हणून ओळखत होतो त्यांच्या गळ्यातून भाटियांनी गुजरातची माती काढली. कच्छी घरात लहानपणापासून जे कानावर पडत आलं, ते असं उपयोगाला आलं. सुरावट अगदी साधी आहे, कुणाही बाईला शेण गोळा करता करता म्हणता यावी इतकी. तिच्यावर कसलीही कलाकुसर त्यांनी केली नाही.

पण आमच्या घरात खरा मान मिळाला तो 'भूमिका'ला. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावरून बेनेगलांनी 1977 मध्ये तो केला, आणि स्मिता पाटील यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मावशीआजीनं ते पुस्तक वाचलं होतं. घरातल्या पुरुषांना आवडणार नाही म्हणून गादीखाली ठेवून वाचलं होतं. सिनेमा बघायला ती माझ्या आईला घेऊन गेली. आजी नातीला गाणं शिकवते तो प्रसंग आला, आणि मावशीआजीनं अंधारात आईचं मनगट घट्ट धरलं. "अगं, सरस्वतीबाई!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या रांगेतले लोक वळून बघायला लागले.

त्या सरस्वतीबाई राणे होत्या. अब्दुल करीम खाँसाहेबांची कन्या, हिराबाई बडोदेकरांची बहीण. 1943 च्या 'रामराज्य'मधलं त्यांचं वीणेवरचं गाणं मावशीआजीच्या पिढीनं डोक्यावर घेतलं होतं. भाटियांनी त्यांना या प्रसंगासाठी आणलं आणि मीना फातर्पेकर यांच्यासह गायला लावलं. दुसऱ्या एका गाण्यासाठी सवाई गंधर्वांचे शिष्य फिरोज दस्तूर आले, जे स्वतः लहानपणी वाडिया मूव्हिटोनच्या चित्रपटांत गाणारे नट होते. चंद्रू आत्मा आले, भूपिंदर आले. गीतं लिहायला मजरूह सुलतानपुरी आणि वसंत देव. चित्रपटाची नायिका 1930 च्या दशकापासून पुढे पडद्यावर गात गात मोठी होते, आणि प्रत्येक काळाचं गाणं त्या त्या काळाच्या ढंगात वाजतं. जुन्या गाण्यांची नक्कल करणं कुणालाही जमतं. इथे त्या काळात ज्यांनी खरोखर गायलं होतं त्यांचाच गळा आहे. मावशीआजी म्हणायची, "त्यानं दुकानातून जुनं आणलं नाही, घरी जाऊन मागून आणलं." मी चित्रपटसंगीतावर पुष्कळ वाचलं आहे. 'भूमिका'बद्दल याहून नेमकं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

'जुनून', 'कलयुग', 'जाने भी दो यारो', 'मंडी', 'मोहन जोशी हाजिर हो' ही यादी लांब आहे, आणि तिच्यात कमीजास्त आहेच. एवढंच सांगते की 'जुनून'मधल्या 1857 च्या रोहिलखंडाला अमीर खुसरोचे शब्द मिळाले, '36 चौरंगी लेन'मधल्या कलकत्त्याच्या एकाकी अँग्लो-इंडियन शिक्षिकेला पाश्चात्त्य सूर मिळाले, कारण तेच तिचे होते, आणि लोटलीच्या जुन्या घरात चित्रित झालेल्या 'त्रिकाल'ला गोव्याचे. ज्याचा सूर त्याला. आपल्याकडे पाश्चात्त्य संगीत शिकलेला माणूस म्हणजे सगळ्यांवर एकाच जाडीचा ऑर्केस्ट्रा अंथरणारा, असं समीकरण झालं होतं. भाटियांनी ते मोडलं.

मग टेलिव्हिजन. 'खानदान', 'यात्रा', 'वागळे की दुनिया', आणि जानेवारी 1988 मध्ये गोविंद निहलानींची 'तमस'. भीष्म साहनींच्या कादंबरीतली फाळणी. शीर्षकांबरोबरच देवाला घातलेली एक हाक येते. तिला गाणं म्हणवत नाही, रडणंही म्हणवत नाही. आमच्या मजल्यावर एक सिंधी आजी राहायच्या. त्या 1947 मध्ये कराची सोडून बोटीनं आलेल्या. टीव्ही आमच्याकडे असल्यामुळे त्या पहिल्या भागाला आल्या. ती हाक ऐकली आणि उठून गॅलरीत गेल्या. आईनं मागे जाऊन विचारलं, बरं वाटत नाही का? त्या म्हणाल्या, "अशीच ओरडत होती एक बाई, बोटीवर." पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या आणि शेवटपर्यंत बसल्या. प्रसारण थांबवावं म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला होता. न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहिली आणि ती दाखवायला मोकळीक दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयानंही तेच कायम केलं. 'तमस'च्या संगीतासाठी भाटियांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चित्रपटसृष्टीचा पुरस्कार खरा, पण मिळाला तो घराघरांत पाहिल्या गेलेल्या कामाला.

त्याच वर्षाअखेरीस 'भारत एक खोज' सुरू झाली. 53 भाग. माझे वडिलांकडचे आजोबा नगरचे. त्यांच्या लेखी ही मालिका म्हणजे गावचं कार्य होतं, कारण नेहरूंनी मूळ पुस्तक अहमदनगरच्या किल्ल्यातल्या कैदेत लिहिलं. 1942 साली नेत्यांना किल्ल्यात आणल्याची कुजबूज गावात कशी पसरली, कुणी दूधवाल्याकडून, कुणी पोलिसाकडून काय काय ऐकलं, हे ते दर रविवारी नव्यानं सांगायचे आणि शीर्षकगीत सुरू झालं की मध्येच थांबायचे.

ते शीर्षकगीत म्हणजे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त. जगाच्या आरंभी काय होतं हे विचारणारं, आणि शेवटी कदाचित देवालाही ठाऊक नसेल असं म्हणण्याचं धाडस करणारं. आधी संस्कृत, मग वसंत देवांनी केलेलं हिंदी. आजोबा रोज संध्या करणारे. वेदाला चाल लावली म्हणजे बाटवला, असं ते म्हणतील अशी आईला धास्ती होती. त्यांनी पहिल्या रविवारी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "प्रश्न विचारल्यासारखं म्हणताहेत. बरोबर आहे, तो प्रश्नच आहे." मला आज वाटतं, समूहाच्या त्या आवाजांत बूलांजेबाईंची खोली आणि देवधरांची सतरंजी दोन्ही आहेत. आवाज एकमेकांवर चढत नाहीत. शंका घेणाऱ्या माणसांचा मेळा जमावा तसे ते उभे आहेत. भागाच्या अखेरीस हिरण्यगर्भ सूक्त यायचं, आणि आमच्या चाळीतली मुलं अर्थ न कळता ते जिन्यावरून उतरताना म्हणायची. संस्कृतचे तास जे करू शकले नाहीत ते एका रविवारच्या मालिकेनं केलं.

1989 मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, 2012 मध्ये पद्मश्री. आणि 2019 मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली की नेपियन सी रोडवर एकटे राहणारे वनराज भाटिया पैशाच्या ओढगस्तीत आहेत, गुडघे साथ देत नाहीत, घरातल्या चीजवस्तू विकायची वेळ आली आहे. मदत आली, संस्थांकडून आली, चाहत्यांकडून आली. पण ती वेळ आलीच का, याचं उत्तर मामांनी मला वकिलासारखं दिलं. वादकाला शिफ्टचे पैसे, संगीतकाराला एकरकमी बिदागी, आणि रचनेचा हक्क निर्मात्याचा. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हेच पक्कं केलं होतं. कॉपीराइट कायदा बदलला तो 2012 मध्ये, तेव्हा भाटिया पंचाऐंशीला टेकले होते. सात हजार जिंगल्स. प्रत्येक वेळी वाजताना एक पैसा जरी रचणाऱ्याकडे गेला असता तरी! हे लिहिताना मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

दुसरी एक खंत मला त्याहून खोल वाटते. सिनेमा आणि जाहिरातींच्या बाहेर ते आयुष्यभर स्वतःचं संगीत लिहीत राहिले. पियानोसाठी फँटेझिया आणि फ्यूग, तंतुवाद्यांसाठी सिंफोनिया कॉन्चेर्टांते, समूहगायनाच्या रचना. आणि म्हातारपणी हाती घेतलेला ऑपेरा 'अग्निवर्षा', गिरीश कार्नाडांच्या नाटकावरचा. त्याचे पहिले दोन अंक 2012 मध्ये न्यूयॉर्कला सादर झाले. जानेवारी 2019 मध्ये चेलोवादक यो-यो मा यांनी त्यांची 'रेव्हरी' मुंबईत वाजवली. बातमीतली ती ओढगस्त आणि हे वादन, दोन्ही एकाच वर्षातलं. 7 मे 2021 रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी, भाटिया गेले. त्या दिवसांत शहर कोविडच्या दुसऱ्या लाटेत होतं आणि कुणाला नीट निरोप देण्याची सोय नव्हती.

मामा आता वाजवत नाहीत, बोटं आखडली आहेत. 'अग्निवर्षा'बद्दल मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी गोष्ट विचारली नाही, कोण गायलं हेही विचारलं नाही. त्यांना स्कोअर बघायचा होता. "मिळतो का बघ कुठे. छापलाय का कुणी? सेकंड व्हायोलिनला काय लिहिलंय, तेवढं मला बघू दे."